मोठी डिस्क लावू का, काका?

या महिन्यात ब्रेकची पत्रं इतकी आली की एसी, मायलेज आणि क्लचवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार आहे. गंमत म्हणजे बहुतेक पत्रं एकाच जातीच्या गाड्यांची आहेत. वीसेक वर्षं जुन्या, त्यांच्या काळात जोरात पळणाऱ्या आणि आता हौशी तरुणांच्या हातात आलेल्या. इंजिनावर सगळ्यांचा जीव. ब्रेकची आठवण एखाद्या उतारावर पोटात गोळा आला की होते. चला, उत्तरं देतो.

प्रश्न : काका, माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. इंजिन ठणठणीत, पण ब्रेकवर भरवसा वाटत नाही. पेडल लांब जातं, मऊ लागतं. मध्यंतरी पाचगणीहून वाईला उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल जवळजवळ तळाला टेकलं. खाली येऊन पाऊण तास थांबलो, तर परत नेहमीसारखं झालं. मुंबईतल्या एका दुकानाने चार पिस्टनचे कॅलिपर, छिद्रांच्या मोठ्या डिस्क आणि १५ इंची व्हील असा एक लाख दहा हजारांचा सेट सुचवला आहे. सध्या पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. वापर म्हणजे रोजचं ऑफिस आणि अधूनमधून घाट. घेऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. निदान आत्ता तरी नको. कारण तुमच्या पत्रातच तुमच्या गाडीचा आजार स्वच्छ लिहिलेला आहे आणि त्याचा डिस्कच्या आकाराशी फारसा संबंध नाही.

नवख्यांसाठी आधी नावं : चाकाबरोबर फिरते ती डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी घासून थांबवतात ती पॅड, आणि पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. ड्रममध्ये हेच काम आतून लायनर करतात. पेडलचा जोर ऑइलमध्ये उतरवतो तो मास्टर सिलिंडर. आता, ब्रेक दगा देतो तो तीन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा : पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबायला तयार नाही. याचा अर्थ पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापलं. दुसरी : सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलात की पेडल हळूहळू खाली सरकत जातं. हे मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी सीलचं काम. तिसरी तुमची : उतारावर पेडल मऊ होत होत तळाला जातं आणि गार झालं की शहाण्यासारखं वर येतं. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा पाय ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो.

माझं गॅरेज वाईतच, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. रविवारी संध्याकाळी करपट वास सोडत उतरणाऱ्या गाड्या मी रोजच्या भाजीवाल्यासारख्या ओळखतो. त्यामुळे या घाटाचा हिशेब तुम्हाला मांडूनच दाखवतो. तुमची गाडी रिकामी टनाच्या आसपास. चार माणसं आणि स्ट्रॉबेरीचे बॉक्स धरून १३०० किलो धरू. ताशी १०० किलोमीटरवरून ती एकदा पूर्ण थांबवायची तर ब्रेकला साधारण ५ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. आता पाचगणी ते वाई. बारा-तेरा किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटरच्या वर खाली येते. तेवढ्या उंचीची ऊर्जा भरते ७० लाख ज्यूल. म्हणजे १०० च्या वेगावरून लागोपाठ चौदा वेळा कचकन ब्रेक दाबून थांबल्यासारखं. काही वाटा हवा आणि रस्ता उचलतात, हे खरं. पण मोठा भाग एक तर इंजिनाने घ्यायचा, नाही तर ब्रेकने. तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरलात ते पत्रात नाही, पण पेडल तळाला गेलं त्या अर्थी मला अंदाज आहे. दुसरा टाका, जिथे उतार सरळ लांब आहे तिथे फार तर तिसरा. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना काय सांगू? तुमच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात उतारावर पाय उचलून गिअरमध्ये राहिलात तर कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

तर गिअर सुधारला तरी पुढचा प्रश्न उरतो : ऑइल इतक्यातच का उकळलं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. होज पाइपच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं थोडं थोडं. डब्यावर लिहिलेलं डॉट म्हणजे ऑइलची प्रत. नवीन डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हद्द १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर नवं २०५, मुरलेलं १४०. आणि पाण्याचा सगळ्यात जास्त त्रास कॅलिपरमध्ये, जिथे उष्णताही सगळ्यात जास्त. म्हणून टाकीतला थेंब मीटरवर बरा दिसला म्हणजे खालचंही बरं, असं नाही. शेवटचं ऑइल कधी बदललं हे आधीच्या मालकाला विचारा. बहुतेक तो तुमच्याकडे बघून हसेल. मी दर दोन वर्षांनी बदला म्हणतो. कोकणात राहणाऱ्यांनी तर यात अजिबात चालढकल करू नये.

बदलताना एक गोष्ट मिस्त्रीला सांगाच. जुन्या गाडीत ब्रेकच्या पाइपमधली हवा काढताना पोरगा आत बसून पेडल तळापर्यंत दाबतो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात जिथे कधी जात नाही अशा खालच्या भागात गंज आणि गाळ साठलेला असतो. सीलचे ओठ त्यावर घासले की चांगला मास्टर सिलिंडर एका दुपारीत निकामी होतो, आणि संध्याकाळी तुम्ही म्हणता, “आधी तर बरा होता!” पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवायचा, म्हणजे पाय अर्ध्यावर थांबतो. आमच्याकडे तो ठोकळा ब्रेकच्या कामाच्या ट्रेमध्येच असतो. हवा काढायचा चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. प्रत्येक गाडीचा सारखा नसतो.

आता मऊ आणि लांब पेडल. घाट नसतानाही ते तसंच लागतं म्हणता, तर तिथे कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण मागच्या ड्रममध्ये शोधा. लोक पुढच्या डिस्ककडे बघत बसतात आणि पेडलची निम्मी लांबी मागे हरवलेली असते. लायनर झिजले, आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा गंजून अडकली, की लायनर आणि ड्रममधली फट वाढते आणि प्रत्येक वेळी पायाला ती फट आधी भरून काढावी लागते. हॅंडब्रेक किती टिकटिक वर येतो पाहा. खूप वर येत असेल तर केबल ताणू नका. आधी ड्रम उघडा. लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचलून बघा, आत ओल असेल तर तो बदलायचाच. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं; ब्रेक क्लीनरने धुऊन पुसून घ्यायची.

दुसरं कारण रबरी होज. वीस वर्षांचा होज बाहेरून काळा कुळकुळीत दिसतो, पण वाकवला की बारीक भेगा उघडतात आणि दाबाखाली तो फुगतो. चारही बदला. इथे हौस करायची तर करा : स्टीलची जाळी असलेले होज घ्या, पेडल नक्की घट्ट होतं. फक्त चाक पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून आणि गाडी जॅकवर लोंबती ठेवून होज कुठे ताणत-घासत नाही ना, एवढं बघून घ्या.

तिसरं, कॅलिपरच्या सरकत्या पिना. तुमच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूचं पॅड दाबलं जातं ते अख्खा कॅलिपर त्या पिनांवर सरकतो म्हणून. पिना जाम झाल्या की आतलं पॅड कागदाएवढं आणि बाहेरचं नव्यासारखं राहतं. पॅड काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघा, लगेच कळतं. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबरी टोपण्या फुगतात आणि दोन-तीन महिन्यांत पिना पुन्हा जाम.

बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, तपासणं फुकट आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

हे सगळं झालं की पॅड. रस्त्यासाठी चांगल्या कंपनीचं, गार असतानाही पकडणारं पॅड घ्या. पॅडच्या कडेला किंवा मागच्या पट्टीवर छापलेल्या आकड्यांत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याहून वर ०.५५ पर्यंत. एफ-एफ तुम्हाला पुरे. दोन्ही अक्षरं सारखी असणं महत्त्वाचं, म्हणजे तापल्यावर स्वभाव बदलत नाही. रेसचं पॅड घेऊ नका. ते गरम झाल्यावर खूश असतं आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर, जिथे खरोखर मूल आडवं येतं, तिथे गार लाकडासारखं वागतं.

नवीन पॅड बसवलं की ते डिस्कशी जुळवून घ्यावं लागतं. पहाटे मोकळा रस्ता, आरशात मागे कुणी नाही : ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, लगेच परत ६०. असं आठ-दहा वेळा. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता चालवून गार करायचं. मिस्त्री गाडी देतात आणि गिऱ्हाईक थेट ट्रॅफिकमध्ये शिरतं, म्हणून नव्या पॅडचीही तक्रार येते.

आणि टायर! तुम्ही टायरबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. जोरात दाबल्यावर चाकं लॉक होतात का, म्हणजे फिरायची थांबून नुसती घसरतात का? होत असतील, तर तुमच्या आहे त्या ब्रेकमध्ये टायरला हरवण्याइतकी ताकद आहेच. मग चार पिस्टन काय आणि आठ काय, गाडी एका फटक्यात थांबण्याचं अंतर ठरवतो तो टायरच. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने १०० वरून साधारण ५० मीटर लागतात. ओल्यात पकड कमी झाली की तेच ८० मीटरकडे जातं. शिवाय मेंदूने पायाला सांगेपर्यंतच्या एका सेकंदात २८ मीटर गेलेले असतात ते वेगळे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या टायरवर असं काही निघालं, नक्षी कितीही खोल असली तरी, पैसे आधी तिथे घाला.

आता त्या सेटबद्दल, कारण “नको” म्हटलं की तरुणांना कारण लागतं. मोठी डिस्क म्हणजे जाड बुडाचा तवा : तापायला वेळ लागतो. लागोपाठ, पुन:पुन्हा जोरदार ब्रेक लागतो तिथे हा गुण सोन्याचा. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला गाडी पळवणार असाल तर मीच म्हणेन घ्या. रस्त्यावर मात्र या सेटची दुसरी बाजू आधी दिसते. समजा तुमच्या कॅलिपरला ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन आहे. त्याचं क्षेत्रफळ २३ चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये हिशेबाला एका बाजूचे दोन धरायचे. ४२ मिलिमीटरचे दोन म्हणजे पावणेअठ्ठावीस. म्हणजे ऑइल एक पंचमांश जास्त लागणार. मास्टर सिलिंडर तोच, तर पेडल आणखी लांब जाणार. तुमची तक्रार तर हीच होती!

याहून वाईट गोष्ट समतोलाची. पकड एक पंचमांशाने वाढली, डिस्कची त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली, की पुढच्या ब्रेकची ताकद जवळपास एक तृतीयांशाने वाढते. मागचे ड्रम होते तिथेच. कंपनीने वाटणी समजा ७० : ३० ठेवली असेल तर ती ७५ : २५ च्या पुढे जाते. एबीएस नसलेल्या गाडीत याचा अर्थ पुढची चाकं आधी लॉक होणार, मागची काम न करताच बसणार, आणि लॉक झालेल्या पुढच्या चाकांना स्टिअरिंगचं काही ऐकू येत नाही. लाखभर रुपये घालून गाडी जरा लांबच थांबली, असं होऊ शकतं.

ऑइल, होज, मागचं सगळं काम, कॅलिपरचे सील, नव्या साध्या डिस्क, पॅड, चार टायर. हे सगळं त्या सेटच्या निम्म्याहून कमी पैशांत बसायला हवं. करून घ्या, दुसऱ्या गिअरमध्ये पसरणी उतरा, आणि मग पत्र पाठवा.

प्रश्न : माझी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, चारही चाकांना डिस्क. ८० च्या वेगावर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात डिस्क वाकली, लेथवर घासून देतो. मित्र म्हणतो छिद्रांच्या डिस्क लाव, गार राहतात. गाडी बाहेर उघड्यावर असते, समुद्र जवळ.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मित्राचं ऐकू नका, गॅरेजवाल्यांचं अर्धवट ऐका. डिस्क सहसा वाकत नाही. तापलेल्या डिस्कवर सिग्नलला पाय दाबून उभं राहिलात की पॅडचा थर एका जागी चिकटतो, त्या जागेची पकड वेगळी होते आणि पुढे झीजही असमान होते. स्टिअरिंगवर जाणवतो तो हा जाडीतला फरक. पण घासायच्या आधी डिस्क काढून हबचा, म्हणजे ती ज्यावर बसते त्या भागाचा, चेहरा पाहा. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत तिथे गंजाचा पापुद्रा धरतो. त्यावर डिस्क बसवली की ती मुळातच तिरकी फिरते. तारेच्या ब्रशने हब चकचकीत करा, परत बसवा आणि डायल गेज लावून फिरवा. काटा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त हलत असेल तरच डिस्कला दोष द्या. घासायची झाली तर डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यावर त्याखाली जाणार असेल तर नवीनच घ्या. व्हीलचे बोल्ट हवेच्या गनने कसेही आवळू देऊ नका. तुमच्या गाडीला १२० न्यूटन-मीटर लागतात, टॉर्क पान्याने.

छिद्रांच्या डिस्क दिसायला छान. छिद्राच्या कडेपासून बारीक भेगा जातात आणि डिस्कचं लोखंड, म्हणजे उष्णता साठवायची जागाच, कमी होते. रस्त्यावर साधी, आतून हवा खेळणारी डिस्क उत्तम.

तुमच्या मागच्या कॅलिपरबद्दल एक इशारा, कारण यात अनुभवी मिस्त्रीही फसतात. हॅंडब्रेकची यंत्रणा त्या कॅलिपरच्या पोटातच आहे. पॅड बदलताना त्याचा पिस्टन दाबून आत जात नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवत फिरवत आत घालायचा असतो, त्याचं वेगळं हत्यार मिळतं. कुणी शिकंजा लावून रेटला की आतली यंत्रणा मोडते. पुढे हॅंडब्रेक धरत नाही किंवा सुटत नाही, आणि खापर मात्र समुद्राच्या हवेवर फुटतं.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४ पेक्षा वरचं, म्हणून तेच घालतो असं आमच्या इथला मिस्त्री म्हणतो. घालू द्यावं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत चालत नाही. तुमच्या मिस्त्रीच्या मनात बहुधा डॉट ५.१ असेल. ते डॉट ४ च्याच घराण्यातलं, मिसळतं, आणि नवं असताना २६० अंशांपर्यंत उकळत नाही. डबा हातात घेऊन स्वतः वाचा. उघडून ठेवलेल्या अर्ध्या डब्यातलं ऑइल कुठल्याही आकड्याचं असलं तरी घेऊ नका. आणि रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. रंग खातं ते.

प्रश्न : फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. मागचे ड्रम काढून डिस्क बसवायच्या आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दुसऱ्या गाडीचे जुने भाग मिळतात. किती फरक पडेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिसण्यात भरपूर, थांबण्यात नगण्य. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. तिथे जास्त ताकद आणली की ती आधी लॉक होतात आणि गाडीची शेपटी पुढे यायला बघते. पुढचं चाक लॉक झालं तर गाडी सरळ जाते, मागचं झालं तर फिरते. दुसरं जास्त भीतीदायक. डिस्कचं नाव झालं ते १९५३ च्या ल माँ शर्यतीत, जिथे डिस्क ब्रेकची जॅग्वार जिंकली. पण ती चोवीस तासांची शर्यत. प्रत्येक फेरीला लांब सरळ रस्त्याच्या टोकाशी ब्रेक, रात्रभर. गंगापूर रोडवर तशी वेळ येत नाही.

भंगारातून आणलेल्या कॅलिपरचं वय आणि इतिहास कुणाला माहीत नसतो, हॅंडब्रेकची केबल जुळवावी लागते, मागच्या दाबावर नियंत्रण ठेवणारा व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशेबाने बसवलेला असतो. तेच पैसे नवे ड्रम, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर यांत घाला. कुर्ल्याला जायचंच तर आतल्या ट्रिमचे क्लिप आणि दरवाज्याची हॅंडल आणा. त्या गाडीची तीच खरी टंचाई आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने जुनी मित्सुबिशी लान्सर घेतली आहे. इंजिनात टर्बो बसवून घेतला. आता ब्रेकवर ऐंशी हजार घालायचे म्हणतो. मला गाडीतलं काही कळत नाही. त्याला काय विचारू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी एक सांगतो : पोरगा सायलेन्सरऐवजी ब्रेकवर पैसे घालायचं म्हणतोय, म्हणजे त्याच्यावर संस्कार चांगले आहेत. आणि वर पुण्याच्या वाचकाला जे “नको” म्हटलं ते तुमच्या मुलाला लागू नाही. वेग वाढला की ऊर्जा वर्गाने वाढते. १०० च्या जागी १४० ला गाडी असेल तर ब्रेकवर पडणारा भार जवळपास दुप्पट. त्यामुळे इंजिन वाढवलं असेल तर ब्रेक वाढवणं रास्त आहे.

त्याला विचारा, मोठे कॅलिपर लावतोयस तर मास्टर सिलिंडर कोणता? “तोच” असं उत्तर आलं तर पुढे विचारा, पेडल लांब गेलं तर काय करणार, आणि मागच्या ब्रेकचा हिशेब कुणी केला? हात हवेत फिरवायला लागला तर दुकानदाराला घरी चहाला बोलवा आणि त्याला विचारा. मग विचारा, या कॅलिपरची पॅड सांगलीत किंवा निदान पुण्यात नाना पेठेत मिळतात का? परदेशातून महिनाभराने येणार असतील तर मधल्या काळात गाडी झिजलेल्या पॅडवर पळणार, हे मी लिहून देतो. डिस्क आणि कॅलिपर बॉक्समधून, पक्क्या बिलावर घ्यायला लावा. नावाजलेल्या कंपनीचं नाव कोरलेलं लाल झाकण साध्या कॅलिपरवर चिकटवून विकणारे पुष्कळ आहेत. ते झाकण उष्णता कोंडून ठेवण्यापलीकडे काहीही करत नाही.

आणि टर्बोचं : मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल चालत नाही. विमा कंपनीला काय कळवलं आहे, हेही विचारा. हा प्रश्न त्याला आवडणार नाही. जेवताना विचारा.

प्रश्न : घाट उतरल्यावर चाकातून धूर येत होता. लोकांनी पाणी ओतायला सांगितलं. बरोबर का?
— एक वाचक, महाड

उत्तर : पाणी ओतू नका. लालबुंद नसली तरी तापलेली डिस्क एका बाजूने गार झाली की तडकू शकते. मोकळ्या जागेत गाडी उभी करा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. मागे ड्रम असतील तर ते तापलेले असताना हॅंडब्रेक ओढू नका. ड्रम गार होताना आक्रसतो आणि लायनरला पकडून बसतो. निदान अर्धा तास थांबा. मग पेडल दाबून पाहा, उभ्या गाडीत दोन-तीनदा, नंतर सपाटीवर हळू चालवून. एकाच चाकातून धूर येत होता का, ते आठवा. चारही नाही, एकच असेल, तर तो घाटाचा दोष नाही; त्या चाकाचा कॅलिपर जाम आहे आणि तो सपाटीवरही तापणार. दुसऱ्या दिवशी पाच-सहा किलोमीटर चालवून चाकांजवळ हाताचा तळवा न्या, न टेकवता. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की गॅरेज गाठा. निघताना दगड मात्र रस्त्यातून बाजूला काढा. आंबेनळी घाटात वळणावर पडलेले असे दगड किती बाइकवाल्यांना नडले आहेत, ते पोलादपूरच्या पंक्चरवाल्यांना विचारा.